कर्नलचा कोड अपडेट ठेवायचा म्हणजे दरवेळी नवीन झिप उतरवायची नसते

लिनक्स कर्नलचा (म्हणजे लिनक्स सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड स्वतःच्या मशीनवर आणून ठेवणारी पोरं आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात पण बऱ्यापैकी भेटतात. कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, कुणी गावात राहून कंपनीचं काम करतो म्हणून, कुणी जुन्या लॅपटॉपचं वायफाय नीट चालत नाही म्हणून ड्रायव्हरमध्ये खुडबुड करणारा. पण बऱ्याच जणांचं डाउनलोड फोल्डर उघडून बघा, ‘लिनक्स-नवीन’, ‘लिनक्स-नवीन-२’, ‘लिनक्स-फायनल’, ‘लिनक्स-फायनल-खरंच’ अशी रांग लागलेली असते. नवीन व्हर्जन आलं की अख्खी झिप परत उतरवायची, मग जुन्या फोल्डरमध्ये आपण काय काय बदललं होतं ते आठवून आठवून नवीन फोल्डरमध्ये चिकटवायचं, आणि त्यात एखादी ओळ राहिली की दोन दिवस डोक्याला ताप. देवगडच्या माझ्या पुतण्याने पण हेच विचारलं, "काका, झिप उतरवलंय मा, आता परत कित्याक?"

प्रश्न बरोबर आहे. परत उतरवायची नसतेच. आपल्याकडे जे नाही तेवढंच आणायचं असतं, आणि आणलेलं आपल्या कामात कधी मिसळायचं ते आपण वेगळं ठरवायचं असतं. आणणं वेगळं, मिसळणं वेगळं. हे दोन एकदा डोक्यात वेगळे झाले की बाकी सगळं सोपं आहे. सगळा घोळ होतो तो हे दोन एकत्र धरल्यामुळे.

(कमांड मी खाली देवनागरीतच लिहिल्यात, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

आधी झिप आणि गिटची कॉपी यात फरक काय ते बघू. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो. सातबारा म्हणजे आज जमीन कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, कलमं किती. पण ही नावं तिथे कशी आली, आजोबांनंतर वारस कधी लागले, मधल्या चुलत्याचं नाव कधी कमी झालं, हे सगळं फेरफारात असतं, नंबरासकट, एकामागून एक. झिप म्हणजे नुसता सातबारा, तो पण काढला त्या दिवसाचा. गिटची कॉपी म्हणजे सातबारा अधिक पहिल्यापासूनची अख्खी फेरफार नोंदवही तुमच्या घरात. आता पाच वर्षांपूर्वीची सातबाऱ्याची झेरॉक्स हातात असेल तर मधे काय झालं ते तिच्यावरून कळायला मार्गच नाही, नवीन उताराच काढावा लागतो. पण नोंदवही असेल तर तलाठ्याला एवढंच विचारायचं की माझ्याकडे अमुक नंबरापर्यंत आहे, पुढचे फेरफार द्या. गिट अपडेट होताना बरोब्बर हेच करतं, आणि यातल्या एकेका फेरफाराला तिथे कमिट म्हणतात.

लिनक्सच्या बाबतीत ही नोंदवही केवढी आहे ते पण ऐका. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये कर्नल सुरू केला. बरीच वर्षं लोक बदल ईमेलने पॅच म्हणून पाठवायचे आणि तो हाताने लावायचा. २००२ पासून बिटकीपर नावाचं एक सॉफ्टवेअर वापरलं, २००५ मध्ये त्याच्या फुकट लायसन्सवरून वाजलं आणि लिनसने सरळ स्वतःचंच गिट लिहायला घेतलं. एप्रिल २००५ मध्ये २.६.१२-आरसी२ (आरसी म्हणजे रिलीजच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन) हा कर्नल गिटमध्ये टाकला, तो या नोंदवहीचा पहिला फेरफार. त्याच्या आधीचा इतिहास मुख्य रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि नोंदवही जिथे ठेवलीय त्या साठ्यात, नाही. तेव्हापासून आजपर्यंत दहा लाखांच्या वर कमिट झालेत, आणि आजच्या घडीला कोडच्या ओळी तीन कोटींच्या पुढे आहेत. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी एक नवीन रिलीज येतं आणि प्रत्येकात दहा हजारांच्या वर कमिट असतात. म्हणजे दोन महिने तुम्ही बघितलं नाही तर तुमची कॉपी दहा हजार फेरफार मागे. अख्खं परत उतरवणं हा त्यावर उपाय होऊच शकत नाही, निदान आमच्या इथल्या नेटवर तरी.

आता पहिल्यांदा कोड आणायचा तेव्हा मात्र सगळी नोंदवही आणावीच लागते आणि कोकणातला खरा त्रास इथेच आहे. गिट क्लोन, म्हणजे अख्खी कॉपी आणायची कमांड, लावलं की स्क्रीनवर ‘रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स’ असं येतं आणि टक्के चढायला लागतात, चाळीस, पन्नास, साठ, बाहेर पावसाचा जोर वाढतो, लाइट जाते, राउटर बंद. लाइट येते. तुम्हाला वाटतं साठवरून पुढे सुरू होईल. नाही होत. गिट क्लोन मधेच तुटलं की तिथून पुढे चालू करायची सोयच नाही, परत शून्यापासून, आणि कर्नल म्हणजे इतिहासासकट काही जीबीचा मामला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा डेटा कधी संपला ते कळत पण नाही.

यावरचा उपाय खुद्द कर्नल डॉट ऑर्ग या कर्नलच्या अधिकृत साइटवाल्यांनीच करून ठेवलाय पण फार कुणाला माहीत नसतो. त्यांच्या साइटवर अख्ख्या रिपॉझिटरीचं बंडल मिळतं, क्लोन डॉट बंडल नावाची एकच मोठी फाइल. फाइल म्हटल्यावर ती डब्ल्यूगेट डॅश सी ने उतरवता येते, आणि डॅश सी म्हणजे जिथे तुटलं तिथून पुढे. लाइट दहा वेळा गेली तरी चालेल, रात्रभर थोडं थोडं करून येऊ दे. आली की आधी गिट बंडल व्हेरिफाय करून फाइल धड आहे ना बघायचं, मग गिट क्लोनला इंटरनेटच्या पत्त्याऐवजी या फाइलचं नाव द्यायचं, क्लोन घरच्या घरी होतं. शेवटी गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन ने खरा पत्ता लावून टाकायचा, म्हणजे पुढचे अपडेट थेट तिथून. बंडल बनल्यानंतर जे कमिट झाले ते पहिल्या फेचमध्ये येतात.

दुसरा रस्ता म्हणजे उथळ क्लोन, डॅश डॅश डेप्थ १. यात फक्त आजचा कोड येतो, मागचा इतिहास नाही, काही शे एमबीत काम होतं. नुसता एकदा बिल्ड करून (कोडपासून चालणारा कर्नल बनवून) बघायचाय, कॉलेजची असाइनमेंट आहे, तर बेस्ट. पण हे म्हणजे परत आपण सातबाऱ्यावरच आलो. ही ओळ कुणी का टाकली ते विचारलं तर उत्तर नाही, कुठल्या कमिटने वायफाय बिघडलं ते बायसेक्टने शोधायचं म्हटलं तर मागे जायला जागाच नाही. नंतर गिट फेच डॅश डॅश अनशॅलो करून उरलेला इतिहास आणता येतो, पण तेव्हा ते सगळे जीबी एका दमात भरावेच लागतात. मधला एक प्रकार आहे, डॅश डॅश फिल्टर बरोबर ब्लॉब:नन. यात फेरफार सगळे येतात पण जुन्या फाइलींच्या आतला मजकूर लागेल तसा नंतर येतो. छान आहे, फक्त रेंज नसताना जुनी फाइल उघडायला गेलात की हात हलवत बसायचं.

मी स्वतः पूर्ण इतिहासच ठेवा म्हणतो, जागा जाते खरी. पण जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात किती दिवस ना लाइट होती ना रेंज हे इथल्या माणसाला सांगायला नको. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. अशा वेळी जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर लॅपटॉप चार्ज झाला की पूर्ण कॉपीवर लॉग बघणं, ब्लेम (कुठली ओळ कुणी टाकली ते) बघणं, कमिट करणं, ब्रँच (कामाचा वेगळा फाटा) बदलणं, बायसेक्ट, सगळं नेटशिवाय चालतं. नेट लागतं ते फक्त आणायला आणि पाठवायला.

आता रोजचं काम, म्हणजे गिट फेच. फेच मारलं की तुमचं गिट सर्व्हरला सांगतं की माझ्याकडे हे हे कमिट आहेत, मला आता या टोकापर्यंतचं पाहिजे. सर्व्हर मधला फरक काढतो, दाबून एका पॅकमध्ये भरतो आणि पाठवतो. फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या असतील तर सहसा अख्खी फाइल येत नाही, आधीच्या फाइलवरून नवीन कशी बनवायची एवढाच तुकडा येतो. म्हणून आठवडाभराचा बदल साध्या फोरजीवर पण पटकन येतो. आणि मुख्य गोष्ट, फेचने तुमच्या फोल्डरमधल्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. जे आलं ते ओरिजिन/मास्टर (ओरिजिन म्हणजे सर्व्हरवरची रिपॉझिटरी, मास्टर म्हणजे तिची मुख्य ब्रँच) या नावाखाली बाजूला ठेवलं जातं, तुमचं काम जिथे होतं तिथेच. त्यामुळे फेच बिनधास्त कधीही मारा, दिवसातून पाच वेळा मारा, अर्धवट काम उघडं असताना मारा. लोक घाबरतात ते उगाच, त्यांना भीती खरी पुलची असते आणि दोन्ही एकच वाटतात.

आलेलं आधी बघायचं. गिट लॉग डॅश डॅश वनलाइन हेड..ओरिजिन/मास्टर, यातलं हेड (तुम्ही आत्ता ज्या कमिटवर आहात ते) कॅपिटलमध्ये, मधे दोन टिंबं. याचा अर्थ माझ्याकडे नाहीत पण तिकडे आहेत ते कमिट दाखव. कर्नलमध्ये ही यादी हजारोंची निघते, ती काय कुणी वाचत नाही. म्हणून शेवटी दोन डॅश देऊन फोल्डरचं नाव द्यायचं, उदाहरणार्थ ड्रायव्हर्स/नेट/वायरलेस, की तेवढ्याच भागातले बदल दिसतात. माझं वायफाय ज्या ड्रायव्हरवर चालतं त्यात या महिन्यात कुणी हात घातला का, एवढंच मला कळायला हवं असतं, आणि ते पाच-दहा ओळीत कळतं. ही एक सवय लावून घ्या बाकी काही नाही केलं तरी चालेल.

मग मिसळणं. पुल म्हणजे फेच आणि लगेच मर्ज, दोन्ही एका दमात. तुमचे स्वतःचे बदल काही नसतील, नुसती कॉपी ताजी ठेवायची असेल तर गिट पुल डॅश डॅश एफएफ-ओन्ली मारायचं. एफएफ म्हणजे फास्ट फॉरवर्ड, माझ्या नोंदींच्या पुढे नुसत्या नवीन नोंदी लागत असतील तरच लाव, नाहीतर हात लावू नकोस असा त्याचा अर्थ. गिट २.३३.१ पासून तर तुमच्या आणि तिकडच्या नोंदींना फाटा फुटला असेल तर साधं पुल अडूनच बसतं, मर्ज करू की रिबेस करू आधी सांग म्हणतं. चांगलं केलं, पूर्वी गुपचूप मर्ज करून मोकळं व्हायचं आणि लोकांच्या इतिहासात दहा ठिकाणी ‘मर्ज ब्रँच मास्टर’ नावाचा कचरा जमायचा.

स्वतःचे बदल असतील तर नियम एकच, मास्टरवर काम करायचं नाही. मास्टर तिकडच्यासारखाच स्वच्छ राहू दे. आपली वेगळी ब्रँच काढायची, माझं-वायफाय म्हणा नाहीतर काहीही म्हणा, बदल तिथे कमिट करायचे. अपडेटची वेळ आली की फेच करायचं, त्या ब्रँचवर उभं राहायचं आणि गिट रिबेस ओरिजिन/मास्टर. गिट तुमचे कमिट उचलून बाजूला ठेवतं, खालची जमीन नवीन करतं आणि तुमचे कमिट एकेक करून परत वर लावतं. ब्रँच दुसऱ्या कुणाला दिली असेल, त्यावर कुणी काम करत असेल तर मात्र रिबेस नको, कारण रिबेसने तुमच्या कमिटचे नंबर बदलतात आणि समोरच्याच्या हातात जुने नंबर राहतात.

दोघांनी एकाच ओळीला हात लावला की कॉन्फ्लिक्ट. याचं एक उदाहरण जवळून बघा कारण कर्नलमध्ये नवशिके हमखास इथेच अडकतात. कोडच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये मेकफाइल नावाची फाइल आहे, तिच्या सुरुवातीलाच पाच ओळी आहेत: व्हर्जन, पॅचलेव्हल, सबलेव्हल, एक्स्ट्राव्हर्जन आणि नेम. (नेम ही लिनसची गंमत आहे, २०१३ च्या ३.११ ला त्याने ‘लिनक्स फॉर वर्कग्रुप्स’ नाव दिलं होतं, जुन्या विंडोज ३.११ वरून.) आता पोरांना वाटतं आपण बनवलेल्या कर्नलला आपलं नाव असावं, म्हणून एक्स्ट्राव्हर्जनच्या पुढे -आरसी१ असतं तिथे -मालवण लिहून कमिट करून टाकतात. पुढच्या आठवड्यात आरसी२ येतो आणि लिनस नेमकी तीच ओळ बदलतो, -आरसी१ चं -आरसी२. रिबेस अडकतो, फाइल उघडली की सात <<<<<<< खुणा, खाली तिकडची ओळ, मधे =======, खाली तुमची -मालवणवाली ओळ, मग >>>>>>>. हे एकदा सोडवाल. पण ही ओळ दर आरसीला बदलते, म्हणजे दर आठवड्याला हेच. खरंतर नावासाठी तिथे हात लावायचाच नसतो. त्याच फोल्डरमध्ये लोकलव्हर्जन नावाची एक नवीन फाइल करून तिच्यात -मालवण लिहिलं, किंवा कॉन्फिगमधलं (बिल्डचे पर्याय असतात त्या फाइलीतलं) लोकलव्हर्जन भरलं, की बिल्ड होताना नाव आपोआप शेपटीला लागतं आणि लिनसच्या फाइलीला तुमचा धक्काच नाही.

हेच सगळीकडे लागू. जी गोष्ट वेगळ्या फाइलीत, कॉन्फिगमध्ये, वेगळ्या मॉड्यूलमध्ये (कर्नलला वरून जोडता येणाऱ्या तुकड्यात) होऊ शकते ती मूळ फाइलीत करू नका, आणि करावीच लागली तर बदल लहान ठेवा, एका कमिटमध्ये एकच. नीट ओळी लावायच्या म्हणून अख्ख्या फाइलचे टॅब-स्पेस बदलून ठेवणारे महाभाग मी बघितलेत, त्यांनी पुढचे अपडेट विसरावेत. तेच तेच कॉन्फ्लिक्ट परत परत येत असतील तर गिट कॉन्फिगमध्ये रेरेरे डॉट एनेबल्ड चालू करा, एकदा तुम्ही कसं सोडवलं ते गिट लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी स्वतः लावतं.

कुठल्या दिवशीचा कोड घ्यायचा हे पण बघावं लागतं. नवीन रिलीज झालं की पहिले दोन आठवडे मर्ज विंडो असते, म्हणजे कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्या जगभरच्या मेंटेनरांचं साठलेलं काम लिनस आत ओढत असतो, कोड सगळ्यात जास्त हललेला असतो. मग आरसी१, आणि नंतर साधारण दर रविवारी एक आरसी, सातवा-आठवा झाला की रिलीज. लिनसचा रविवार म्हणजे आपल्याकडे रविवार रात्र नाहीतर सोमवार पहाट. मर्ज विंडोच्या मधल्या कुठल्यातरी दुपारचा कोड घेऊन त्यावर आपलं काम रिबेस करू नका, काही चाललं नाही तर चूक तुमची का त्यांची हे शोधताना वेड लागेल. टॅग (आरसीच्या किंवा रिलीजच्या कमिटला दिलेलं नाव) बघून घ्यायचं, आरसी२-आरसी३ पर्यंत थांबलात तर अजून बरं.

आणि रोजच्या वापरासाठी, ज्यावर घरचं काम चालतं त्या मशीनसाठी, लिनसची मेनलाइन, म्हणजे त्याची मुख्य रिपॉझिटरी, नकोच. त्यासाठी स्टेबल रिपॉझिटरी वेगळी आहे, ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन ती बघतात. त्यात फक्त दुरुस्त्या येतात. काही व्हर्जन लाँगटर्म म्हणून वर्षानुवर्षं सांभाळतात, जसं नोव्हेंबर २०२४ चं ६.१२. स्टेबल आणायला नवीन क्लोन नको, असलेल्याच कॉपीत गिट रिमोट अॅड करून दुसरा पत्ता जोडायचा, त्यात डॅश टी लिनक्स-६.१२.वाय असं ब्रँचचं नाव दिलं की तेवढीच ब्रँच येते, बाकी सगळ्या जुन्या व्हर्जनांच्या ब्रँच येत नाहीत, डेटा वाचतो. मग गिट वर्कट्री अॅड ने शेजारी दुसरा फोल्डर काढायचा, इतिहास दोघांत सामायिक, फाइली वेगळ्या. लिनक्स-नेक्स्ट म्हणून अजून एक आहे, पुढच्या रिलीजचं साठवण, ते रोज नव्याने बांधतात त्यामुळे त्यावर पुल चालत नाही, फेच करून त्या तारखेचा टॅग घ्यायचा. कामाशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

ज्यांना अजून पॅच फाइलच उतरवायची आहे त्यांच्यासाठी एक. साइटवरचा ६.१२.५ चा पॅच हा ६.१२ वर लागतो, ६.१२.४ वर नाही. चारवर असाल तर आधी चारचा पॅच उलटा काढायचा मग पाचचा लावायचा. गिटमध्ये ही कटकटच नाही.

कोड अपडेट झाला म्हणजे कर्नल अपडेट झाला असं नाही हे पण सांगून ठेवतो, बिल्ड करून बसवून रीबूट केल्याशिवाय चालणारा कर्नल जुनाच. बिल्डच्या आधी जुनी डॉट कॉन्फिग फाइल तशीच ठेवून मेक ओल्डडेफकॉन्फिग मारायचं, नवीन आलेल्या पर्यायांना ते डिफॉल्ट उत्तर भरतं. काय नवीन आलंय ते बघायचं असेल तर त्याच्या आधी मेक लिस्टन्यूकॉन्फिग. जुना लॅपटॉप असेल तर मेक लोकलमॉडकॉन्फिग जरूर वापरा, आत्ता मशीनवर जे मॉड्यूल चालू आहेत तेवढेच ठेवतं आणि बिल्डचा वेळ खूप कमी होतो. फक्त ते मारायच्या आधी तुमचा डोंगल, प्रिंटर, जे काय लागतं ते एकदा लावून ठेवा, नाहीतर नवीन कर्नलमध्ये डोंगल चालणारच नाही. आणि युनेम डॅश आर (चालू कर्नलचं व्हर्जन दाखवणारी कमांड) मध्ये व्हर्जनच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर दचकू नका, तुमचा कोड टॅगच्या पुढे काही कमिट आहे एवढंच त्याचं म्हणणं.

विंडोजच्या ड्राइव्हवर कर्नल क्लोन करायला जाऊ नका. कर्नलमध्ये एक्सटी_कनमार्क डॉट एच अशा एकाच नावाच्या दोन फाइली आहेत, एक कॅपिटलमध्ये आणि एक स्मॉलमध्ये, विंडोजला त्या एकच वाटतात, मग काही न बदलता पण गिट सांगत राहतं की फाइल बदलली. एक ऑक्स डॉट सी पण आहे आणि ऑक्स हे नाव विंडोजमध्ये राखीव. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) असेल तर त्याच्या आतल्या लिनक्सच्या भागात ठेवा, सी ड्राइव्हवर नको.

आता विश्वासाचं काय, म्हणजे जे आलं ते खरंच लिनसचंच आहे कशावरून. प्रत्येक कमिटचा नंबर हा त्याच्या आतल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या नंबरावरून काढलेला असतो, चाळीस अक्षरांचा. मागे कुठेही एक स्वल्पविराम बदलला तरी तिथून पुढचे सगळे नंबर बदलतात. २०११ मध्ये कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरवर खरंच घुसखोरी झाली होती, तेव्हा हाच मोठा आधार होता, कारण हजारो लोकांच्या मशीनवर तोच इतिहास त्याच नंबरांनी पडलेला, गुपचूप बदल केला असता तर पुढच्याच फेचला कुणाच्या तरी मशीनने बोंब मारली असती. त्याच्यावर रिलीजच्या टॅगला सही असते, गिट टॅग डॅश व्ही ने तपासता येते, आधी लिनसची चावी आपल्याकडे आणून ठेवावी लागते एवढंच. झिप-टारबॉलबद्दल (टारबॉल म्हणजे लिनक्सवाल्यांची झिपच) तर मार्च २०२४ चं एक्सझेड या फाइली दाबायच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवा. त्यात मागचं दार उघडणारा बिल्डचा एक तुकडा फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन नेहमीपेक्षा किंचित हळू का होतंय याचा संशय आला म्हणून ते पकडलं गेलं.

लिनक्स सोडून बीएसडीवाले (लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टिम वापरणारे) असाल तर तत्त्व तेच. फ्रीबीएसडीचा कोड यूएसआर/एसआरसी मध्ये असतो, आधी सीव्हीएस होतं, २००८ ला सबव्हर्जनवर गेले (दोन्ही गिटसारखीच पण जुनी सॉफ्टवेअर), डिसेंबर २०२० ला गिटवर. त्यांच्यात कर्नल आणि बाकीची सिस्टिम एकाच झाडात असते, म्हणून अपडेट झाल्यावर दोन्ही बरोबर बिल्ड करायचं आणि त्याच्या आधी अपडेटिंग नावाची फाइल वाचायचीच, यावेळी हाताने काय करावं लागेल ते तारखेप्रमाणे तिच्यात लिहिलेलं असतं. लोक वाचत नाहीत आणि मग बूट होत नाही म्हणून रडतात. यांच्याकडे जुन्या काळात सीटीएम म्हणून भारी सोय होती, कोडमधला फरक ईमेलने घरी यायचा, ज्याच्याकडे धड इंटरनेट नाही त्याने मेल उतरवायची आणि लावायची. ओपनबीएसडी अजून सीव्हीएसवरच आहे, तिथे अपडेट करताना अप डॅश पीडी असं द्यायचं, त्यातला डी विसरलात तर नवीन तयार झालेले फोल्डर तुमच्याकडे येतच नाहीत आणि बिल्ड भलतीकडेच फुटतो. जुन्या रिलीजवरून नुसता कोड ओढून करंटवर (सध्या काम चालू असलेल्या व्हर्जनवर) उडी मारायची नाही, आधी स्नॅपशॉट (त्याची तयार बिल्ड केलेली प्रत) बसवा म्हणतात, ऐका त्यांचं.

ते ईमेलवालं आज गिटमध्ये पेनड्राइव्हने होतं. गावाकडे नेट अगदीच नसेल आणि गणपतीला मुंबईचा भाऊ येणार असेल, त्याच्याकडे पण कर्नलची कॉपी असेल, तर त्याला विचारायचं नाही की अख्खा फोल्डर आण. तुमच्याकडे शेवटचं काय आहे ते त्याला फोनवर सांगा, समजा व्ही६.१२ हा टॅग. तो गिट बंडल क्रिएट नवीन डॉट बंडल व्ही६.१२..मास्टर मारेल की फक्त त्याच्या पुढचे कमिट एका फाइलीत भरतात, ती पेनड्राइव्हवर. इकडे तुम्ही आधी व्हेरिफाय, मग गिट फेचला पत्त्याच्या जागी त्या फाइलचं नाव आणि पुढे मास्टर. व्हेरिफायने अमुक कमिट तुमच्याकडे नाही म्हणून सांगितलं तर भावाला अजून मागचा टॅग धरून बंडल परत बनवावं लागतं, आणि त्याच्या लॅपटॉपवर ती कॉपी आहे का दादरच्या घरातल्या डेस्कटॉपवर, एवढं गाडीत बसायच्या आधी विचारून घ्या.